चालू गाडीला स्टार्टर

"ताई, गाडी चालू हाय! अवो, चालू हाय गाडी!"

गॅरेजमधून मिस्त्री हात हलवत धावत आले, तेव्हा माझा अंगठा स्कूटरच्या स्टार्टरच्या बटणावर होता. त्यांनी आधी चावी फिरवून गाडी बंद केली आणि मग माझ्याकडे पाहिलं. चालू इंजिनाला स्टार्टर मारला की कसा आवाज येतो हे ज्यांनी ऐकलंय त्यांचे नुसत्या आठवणीनं दात शिवशिवतील. तो आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेला होता. मलाही काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं होतं, पण ते शेजारून गेलेल्या ट्रकचं असेल असं धरून मी बटण दाबतच राहिले. गाडी बंद पडलीय अशी माझी पक्की समजूत होती.

"ह्या म्हैन्यात तिसऱ्यांदा बघतोय मी," मिस्त्री हळूच म्हणाले. माझ्यासाठी ते नेहमी समोर येऊन, ओठ स्पष्ट हलवून बोलतात. "कान दावा एकदा."

कान दाखवून झाले होते. माणसांचं मला कमी ऐकू येतं हे घरात, पतसंस्थेत, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. गाडीचंही येत नाही हे मात्र मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, पहिल्यापेक्षा दुसरं जास्त लागलं. माणसं पुन्हा सांगतात, मोठ्यानं सांगतात, चिठ्ठीवर लिहून देतात. गाडी एकदाच सांगते.

आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात. त्यातलं शेवटचं रिकिबीच्या आकाराचं, सगळ्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. माझ्या दोन्ही कानांत ते हाड पस्तिशीपासून हळूहळू जागच्या जागी घट्ट होत चाललं आहे. ओटोस्क्लेरॉसिस म्हणतात याला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. वयानं कान जातात तेव्हा आधी वरचे, बारीक आवाज जातात. या आजारात सुरुवात उलट्या टोकाकडून होते, खालचे जाड आवाज आधी पुसट होतात. मागच्या अंगणातला बुलबुल मला परवापरवापर्यंत चांगला ऐकू यायचा. शेजारच्या खोलीतलं भावाचं बोलणं केव्हाच गेलं होतं.

डॉक्टरांनी एक चाचणी केली होती ती मला फार आवडली. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो दोन दातांचा लोखंडी चिमटा, ठोकून त्यांनी कानासमोर धरला. अगदी अंधूक काहीतरी आलं. मग त्याच चिमट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि तो सूर डोक्यात लख्ख वाजला. रिन्ने नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८५५ साली सांगितलेली ही चाचणी अजून तशीच करतात. "आतलं घर शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले, "दाराशी अडलंय." ऑपरेशन होऊ शकतं, सध्या मी मशीन वापरते. पण हेल्मेटमध्ये मशीन दाबलं गेलं की शिटी मारतं, म्हणून गाडीवर बसताना ते काढून पर्समध्ये ठेवते. म्हणजे गाडीवर मी सगळ्यात जास्त बहिरी असते.

गाडी कायनेटिक होंडा. १९९४ची, एमएच ११. कायनेटिक आणि होंडा या दोन कंपन्यांनी १९८४ साली एकत्र येऊन काढलेल्या कारखान्यातली. पुढे १९९८ला होंडा बाहेर पडली. अठ्ठ्याण्णव सीसी, टू-स्ट्रोक, गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळी स्कूटर म्हणजे आमच्या अण्णांची चेतक. आडवी करून किक मारायची, डाव्या मुठीत गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं. कायनेटिकला ऑइलची टाकी वेगळी होती, पंप आपला आपण ऑइल पुरवायचा. मला नोकरी लागली तेव्हा अण्णांनी ती घेतली आणि म्हणाले, "साडी नेसूनसुद्धा चालवता येईल बघ." मी साडी नेसून, पंजाबी ड्रेस घालून, रेनकोट चढवून, आठव्या महिन्यापर्यंत पोट सांभाळून ती चालवली आहे. साताऱ्यात मला जितके रस्ते माहीत आहेत ते सगळे तिच्यावर बसून माहीत आहेत.

अण्णा एमआयडीसीत टर्नर होते, लोखंड फिरवून कापणाऱ्या लेथ मशीनवर. लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस आवाजावर जगतो. चेतक चालवताना ते मला पुढे उभी करायचे आणि म्हणायचे, "आता बघ, ती सांगेल गिअर कधी टाकायचा." इंजिनाचा सूर चढत चढत एका जागी जाऊन कण्हायला लागला की त्यांची मूठ फिरायची. मीटरकडे त्यांनी कधी बघितलं नाही. कायनेटिक आल्यावर गिअर गेले, पण ऐकण्याची सवय मला तिथूनच लागली होती. थंडीत चोक किती वेळ ठेवायचा, प्लग कधी काळा पडलाय, सायलेन्सर कधी कार्बननं भरलाय, हे सगळं मला कानानं कळायचं. मिस्त्रींकडे गाडी न्यायच्या आधी मला आजार ठाऊक असायचा.

टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा पेट घेतं. नुसती उभी असताना गाडी मिनिटाला साधारण सतराशे फेरे मारते, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस ठोके. जोरात पळताना सहा हजार धरले तर सेकंदाला शंभर. हा सगळा मामला खर्जातला. माझ्या आजारानं नेमकं तेच दार आधी लावलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी भाच्याला विचारलं, "आरपीएम मीटर वेगळं मिळतं का रे?"

तो आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्यानं डोळे मोठे केले. "मावशी, गिअर नाहीत तिला. काय करणार त्याचं?"

हा प्रश्न मला पुढे सगळ्यांनी विचारला. आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारं मीटर, ही बाइकवाल्या पोरांची गोष्ट. आम्ही कॉलेजात असताना राजदूत साडेतीनशेवर दोन गोल मीटर शेजारी शेजारी असायची आणि त्यांच्याकडे बघूनच ती गाडी पळते आहे असं वाटायचं. गिअर कधी बदलायचा हे कळावं म्हणून ते दुसरं मीटर. ज्या गाडीला बदलायला गिअरच नाही तिला ते कशाला? पण मला गिअर बदलायचे नव्हतेच. इंजिन चालू आहे की बंद, धडधड नीट आहे की अडखळते आहे, एवढं मला बघायचं होतं. स्पीडोमीटर त्यातलं काही सांगत नाही. त्याची केबल पुढच्या चाकातून येते. इंजिन बंद करून यवतेश्वरचा घाट उतरलात तरी तो काटा चाळीस दाखवेल.

मीटर पुण्याहून आणलं. भाच्याच्या मित्रानं नाना पेठेतून घेतलं. मुठीत मावेल एवढं, काळी तबकडी, पांढरा काटा, शून्यापासून तेरा हजारांपर्यंत. तबकडीवर एक लाल पट्टा छापलेला होता, याच्या पुढे फेरे नेऊ नका असं सांगणारा. तो कुठल्याही एका गाडीसाठी नसतो, माझ्या इंजिनाशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता, म्हणून काचेवर आतल्या पट्ट्याच्या जागी मी बाहेरून काळी टेप कापून लावली. खोटा लाल रंग रोज डोळ्यासमोर नको. डब्यात कागद नव्हता. मागून चार वायरी बाहेर आल्या होत्या: एक करंटची, एक अर्थिंगची, एक आतल्या दिव्याची आणि एक सिग्नलची.

हँडलच्या कव्हरला भोक पाडायचं नाही हे मी आधीच सांगून टाकलं. तीस वर्षं त्या प्लॅस्टिकला एक तडा गेलेला नाही. मग आरशाचा बोल्ट सापडला. स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची पट्टी आणली, अण्णांच्या हातड्रिलनं तिला दोन भोकं पाडली, एक आरशाच्या बोल्टसाठी आणि एक मीटरच्या स्क्रूसाठी, आणि मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर म्हणून घातला. रबर घातलं नाही तर गाडीच्या थरथरीनं आतल्या काट्याचा खुळखुळा होतो. हातड्रिलची लाकडी मूठपण अण्णांच्या तळव्यानं गुळगुळीत झालीय. मी ती धरली की माझा तळवा आपोआप त्या खोलगट जागी जाऊन बसतो.

खरा वेळ गेला वायर ओढण्यात. सिग्नल घ्यायचा सीटखालच्या इंजिनातून आणि दाखवायचा हँडलवर. मधला रस्ता पाय ठेवायच्या पत्र्याखालून, मग पुढच्या ढालीच्या आतून, मग हँडलच्या मानेतून. भाच्यानं ब्रेकच्या जुन्या केबलमधली आतली तार काढली, ती वरून खाली सरकवली, खालच्या टोकाला आमची वायर टेपनं बांधली आणि तार परत वर ओढायला सुरुवात केली. मानेपाशी अडकली. तो वरून ओढतोय, मी खाली पालथी पडून ढकलतेय, माझ्या गालाला फरशी लागलेली. मी हँडल डावीकडे पूर्ण वळवायला सांगितलं आणि वायर सुळकन वर गेली. हँडल ज्या बाजूला वळतं त्या बाजूला जागा होते, हे एकदा कळलं की कळलं. त्या मानेत वायरीला बोटभर ढील ठेवायची. ताठ ठेवली तर रोजच्या वळवण्यानं आतली तांब्याची तार महिन्या-दोन महिन्यांत तुटते, बाहेरून काही दिसत नाही आणि माणूस मीटरला दोष देत बसतो.

होंडाच्या वायरिंगचा एक चांगुलपणा आहे. हिरवी म्हणजे अर्थिंग, काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, आणि हे कुठल्याही होंडाला तसंच. टेस्ट लॅम्प लावून खात्री केली, काळीतून करंट घेतला, मध्ये छोटा फ्यूज टाकला. जोड पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत मला पसंत नाही. साताऱ्याचा पाऊस त्या टेपला जूनमध्येच उघडी पाडतो. भाच्यानं प्रत्येक जोड डाग देऊन केला आणि वर श्रिंकची नळी चढवून काडीच्या आगीनं आवळली. त्याच्या हाताला तो स्थिरपणा कुठून आला ते मी बघत होते.

सिग्नलची वायर कुठे जोडायची यावर मी विचार केला होता. सीडीआयकडून, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणाऱ्या डब्याकडून, कॉइलकडे जाणाऱ्या तारेला थेट जोडता येते, पण तिथे ठिणगीच्या क्षणी दोनेकशे व्होल्टचा झटका असतो, आणि मीटर त्यासाठी बनवलंय की नाही हे सांगणारा कागद नव्हता. दुसरा मार्ग साधा आहे. कॉइलपासून प्लगपर्यंत जी जाड वायर जाते तिच्याभोवती सिग्नलच्या वायरीचे पाच वेढे द्यायचे. कुठेही सोलायचं नाही, चिकटवायचं नाही. प्लगला ठिणगी पडली की शेजारच्या वेढ्यांमध्ये एक बारीकसा झटका उमटतो. मीटर ते झटके मोजतं. बाहेरून कान लावून ऐकल्यासारखंच आहे हे.

गाडी सुरू केली. काटा उठला, थरथरला, दोन हजारांवर गेला, पाच हजारांवर उडाला, परत पडला. पाच वेढ्यांचे तीन केले. मिस्त्रींकडून प्लगची टोपी बदलून आणली, आत रेझिस्टन्स असलेली. त्यानं ठिणगीचा आजूबाजूला पसरणारा खरखराट कमी होतो. काटा शांत झाला आणि एका जागी उभा राहिला.

तीन हजार चारशेवर.

मला वाटलं, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचे फेरे, फार चढलंय. कानानं कळत नव्हतंच, आता डोळ्यांनी दिसत होतं. मी कार्बोरेटरचा स्क्रू उलटा फिरवत गेले. काटा तीन हजारांवर आला, अडीचवर आला आणि धाडकन शून्यावर पडला. गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. अर्धा तास मी त्या स्क्रूशी झगडत होते आणि मनातून काटाच खरा धरत होते. दुसऱ्या दिवशी पेट्रोलच्या वासानं भरलेली गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी स्क्रू जागेवर आणला, गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, सुरू केली. काटा तीन हजार चारशे. ते माझ्यासमोर आले. "काटा डबल सांगतोय, ताई."

"कशावरून? आवाजावरून?"

"आवाज ऱ्हाऊ द्या. चाक बघा की मागचं."

मागचं चाक उभं होतं. या गाडीत क्लच इंजिनाच्या वेगावर धरतो. फेरे वाढले की आतले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासतात आणि चाक ओढायला लागतात. तीन हजारांच्या अलीकडेच ते धरायला हवं. खरोखर चौतीसशे फेरे असते तर ते चाक स्टँडवर गरगरत असतं. मी अर्धा तास त्या चाकाशेजारी बसून होते.

कारण नंतर भाच्यानं शोधलं. मीटर फोर-स्ट्रोकसाठी लावलेलं होतं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांना एकदा पेटतं, म्हणून मीटर एका ठिणगीला दोन फेरे समजत होतं. माझ्या इंजिनात एका फेऱ्याला एक ठिणगी. मीटरच्या पाठीवर रबरी बुचाखाली दोन इवले स्विच होते. त्यातला एक सुईनं सरकवला आणि काटा सतराशेवर आला.

पण एकदा खोटं बोललेल्या काट्यावर माझा विश्वास बसेना, आणि इथे मला अण्णा आठवले. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा ते मला लेथपासून हातभर लांब उभं करायचे. "ट्यूबलाइटखाली लेथचं फिरतं चक कधी कधी उभं दिसतं. उभं नसतं ते. हात घालायचा नाही." आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. चकाचा वेग त्याच्याशी जुळला की डोळा फसतो. कारखान्यांत म्हणूनच दिवे वेगवेगळ्या फेजवर लावतात. अण्णांना ज्याची भीती वाटायची त्याचंच मी माप करायचं ठरवलं.

मिस्त्रींच्या गॅरेजात तशी जुनी ट्यूब अजून आहे. इंजिनाच्या उजव्या बाजूला थंड हवेचा पंखा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवरच बसवलेला असतो, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तो पंख्याचा एक फेरा. त्याच्यावरचं झाकण काढून एका पात्याला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, शटर अर्धं ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली. पंधराशे फेरे म्हणजे सेकंदाला पंचवीस. ट्यूब शंभरदा उजळणार. एका फेऱ्यात चार वेळा. मिस्त्री स्क्रू केसाकेसानं फिरवत गेले. आधी नुसतं पांढरं वलय होतं, मग त्यात ठिपके धावायला लागले, मग रेंगाळायला लागले, आणि अचानक चार पांढरे ठिपके, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, फिरत्या पंख्यावर शांत उभे राहिले. मी काट्याकडे बघितलं. पंधराशेच्या रेघेला सुताभराचा फरक. रेस वाढवत तीन हजारांच्या आसपास नेली तेव्हा समोरासमोर दोनच ठिपके उरले, आणि मागचं चाकही फिरत होतं. तिघं आम्ही त्या अंधारात वाकून बघत होतो. मिस्त्रींनी गाडी लगेच बंद केली, झाकणाशिवाय इंजिनाला वारा लागत नाही, पण मला ती दोन मिनिटं अजून डोळ्यांपुढे आहेत. अण्णांना जाऊन सात वर्षं झाली. हे त्यांना दाखवायला हवं होतं.

त्या रविवारी मी यवतेश्वरच्या घाटात गेले.

हा घाट मला तोंडपाठ आहे. तरुणपणी कासला जाताना मला एक कोडं पडायचं. चढ सुरू झाला की गाडीचा वेग उतरायचा, पंचेचाळीसवरून चाळीस, पस्तीस, तीस, पण इंजिनाचा सूर बदलायचा नाही. चेतक चढाला कण्हायची, सूर खाली यायचा, अण्णा गिअर उतरवायचे. ही मात्र एकच सूर धरून हळूहळू वर जायची, दिंडीतल्या वीणेकऱ्यासारखी. मला वाटायचं हा तिचा स्वभाव.

आता काटा समोर होता. मूठ पूर्ण ओढलेली, काटा पाच हजार चारशेवर. पहिलं वळण, वेग चाळीस. काटा पाच हजार चारशे. दुसरं वळण, चढ तीव्र झाला, वेग तेहतीस. काटा तिथेच. बारीकसा खाली झुकला आणि आपला आपण सावरून पुन्हा रेघेवर आला. कानात काहीच नव्हतं, हेल्मेटमधला माझा श्वास तेवढा. पण तो सूर मला दिसत होता, आणि तो तोच होता, एकोणतीस वर्षांपूर्वीचा.

याचं कारण डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली आहे. तिथे दोन पुली आणि त्यांवर एक रबरी पट्टा. पुढच्या पुलीत सहा रोलर. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची एक बाजू दुसरीकडे सरकवतात, पट्टा पुलीवर वर चढतो, गाडीला जणू वरचा गिअर पडतो. मागच्या पुलीत स्प्रिंग आणि तिरप्या खाचा आहेत; चढाचा भार आला की ती पुली आवळते आणि पट्टा पुढून खाली ओढते, म्हणजे खालचा गिअर. रोलर बाहेर रेटतात, स्प्रिंग आणि चढ आत ओढतात, आणि दोघांच्या ओढाताणीत इंजिन मात्र आपल्या ताकदीच्या फेऱ्यांवर टिकून राहतं. गिअर नाहीत असं आपण म्हणतो. खरं तर दोन टोकांच्या मधले सगळेच गिअर तिच्यात आहेत, आणि कुठला हवा ते ती स्वतः बघते. रोलर हलके घातले तर हा तोल वरच्या फेऱ्यांवर जमतो, जड घातले तर खालच्या.

म्हणून गिअर नसलेल्या गाडीला आरपीएम मीटर जास्त बोलकं आहे असं मी आता म्हणते. गिअरच्या गाडीत काटा तुमच्या हाताचं सांगतो. इथे तो इंजिनाच्या आतलं सांगतो.

पावसाळा संपता संपता त्यानं पहिली तक्रार सांगितली. सपाट रस्त्यावर, मूठ पूर्ण ओढून, काटा सहा हजारांच्या पुढे जायला लागला आणि वेग पन्नासच्या पुढे जाईना. इंजिन जास्त फिरतंय, चाक कमी. म्हणजे पट्टा वरपर्यंत चढत नाहीये. पूर्वीसारखं, मिस्त्रींनी गाडी बघायच्या आधी मीच त्यांना सांगितलं, "पट्टा झिजलाय, रोलरपण बघा." त्यांनी झाकण उघडलं. पट्टा कडांनी झिजून बारीक झाला होता आणि सहापैकी चार रोलर एका अंगानं चपटे. एक रोलर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. गोल म्हणून घेतलेली वस्तू एका बाजूनं अशी घासलेली होती की तळहातावर ती गडगडेना. माझ्या कानातल्या त्या हाडाचं मनात आलं, आणि मी रोलर परत दिला.

सामान मिळायला बारा दिवस लागले. ही गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली की प्रत्येक वस्तूसाठी कुणाला तरी फोन करावा लागतो.

बसवून झाल्यावर मिस्त्रींनी गाडी स्टँडवर सुरू केली आणि आपला लांब पेचकस काढला. त्याची मूठ कानाशी धरून टोक इंजिनाच्या कवचावर टेकवायचं, एकेका बेअरिंगपाशी. त्यांच्या गुरूनं शिकवलेली पद्धत. मी हे शंभरदा पाहिलं आहे. त्या दिवशी बघता बघता मला डॉक्टरांचा चिमटा आठवला.

"मला द्या जरा," मी म्हटलं.

त्यांनी दिला. मी खाली बसले, मूठ कानात न धरता कानामागच्या हाडावर घट्ट दाबली आणि टोक क्रँकच्या बाजूला टेकवलं.

ती होती. भरीव, जाड, मोजून घ्यावे असे ठोके, डोक्याच्या मधोमध. मधूनच एक ठोका चुकवून पुढचा मोठा टाकायची तिची सवय, टू-स्ट्रोकची खोड, तीसुद्धा तशीच. मी मान वर करून काट्याकडे बघितलं. ठोका चुकला की तोही किंचित हलत होता. मिस्त्रींनी मूठ थोडी ओढली. काटा दोन हजारांवर गेला आणि हाडातला सूर त्याच्याबरोबर चढला, अडीच हजार, पट्टा सळसळला, क्लच धरल्याचा हलका खरखराट आला आणि मागचं चाक फिरायला लागलं.

मिस्त्री माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होते. ते ऐकू आलं नाही. मी पेचकस तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, अजून थोडी रेस द्या.